मावळातील चित्रांचा छापखाना

महाराष्ट्रातील काही जुन्या घरांत देवघराशेजारच्या भिंतीवर लक्ष्मीची एक तसबीर अजूनही पाहावयास मिळते. तळ्यातील कमळावर देवी उभी आहे. तिच्या दोन हातांत कमळे आहेत. बाजूला हत्ती सोंडेत माळ धरून उभा आहे आणि मागे पाणी व झाडी दिसत आहे. पिढ्यान्‌पिढ्या या तसबिरीला फुले वाहिली गेली, धूप दाखवला गेला. परंतु तिच्या खालच्या कडेकडे सहसा कोणाचे लक्ष गेले नाही. तेथे बारीक रोमन अक्षरांत छापखान्याचे नाव दिलेले असते. अशा कित्येक जुन्या चित्रांवर ते नाव ‘रविवर्मा प्रेस, कार्ला-लोणावळे’ असे आढळते.

कार्ले आणि लोणावळे ही पुणे जिल्ह्याच्या मावळ तालुक्यातील गावे होत. डोंगर, भातशेती, लेणी आणि गड यांसाठी हा प्रदेश प्रसिद्ध आहे. अशा डोंगराळ मुलखाचे नाव दूरदूरच्या घरांतील देवांच्या चित्रांवर कसे आले, याची हकीकत मोठी मनोरंजक आहे.

राजा रविवर्मा यांचा जन्म १८४८ मध्ये त्रावणकोर संस्थानातील किळिमानूर येथे झाला. तैलरंगांत चित्रे काढण्यात त्यांचा हातखंडा होता. पुराणांतील आणि काव्यांतील प्रसंग त्यांनी अशा रीतीने रंगवले, की शकुंतला, दमयंती किंवा सीता आपल्यासमोर प्रत्यक्ष उभी आहे, असे पाहणाऱ्यास वाटे. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी त्यांच्याकडून चौदा पौराणिक चित्रे करवून घेतली. ती राजवाड्यात लावण्यापूर्वी लोकांना पाहण्यासाठी मांडण्यात आली, तेव्हा ती पाहावयास लोकांची अतोनात गर्दी लोटली. त्या चित्रांची छायाचित्रेही मोठ्या संख्येने विकली गेली.

या गर्दीचा अर्थ उघड होता. लोकांना अशी चित्रे हवी होती. परंतु तैलचित्र विकत घेणे राजेरजवाड्यांनाच परवडे. शिवाय एका चित्रकाराच्या दोन हातांनी काढून काढून चित्रे ती किती काढावी? त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या संस्थानांचे दिवाणपद भूषविलेले सर टी. माधवराव यांनी ही अडचण पूर्वीच ओळखली होती. निवडक चित्रे युरोपात पाठवून तेथे त्यांच्या रंगीत प्रती छापून घ्याव्यात, असे त्यांनी रविवर्म्यांना सुचवले होते. रविवर्म्यांनी याच्याही पुढचे पाऊल टाकले. युरोपात चित्रे पाठवण्याऐवजी छापखानाच येथे आणावा, असे त्यांनी ठरवले.

रंगीत चित्रे छापण्याचा हा महाराष्ट्रातील पहिलाच प्रयत्न होता, असे मात्र नव्हे. विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांचे सहकारी यांनी १८७८ मध्ये पुण्यात चित्रशाळा स्थापन केली होती आणि तिची चित्रे घरोघर गेली होती. रविवर्म्यांना आपल्या तैलचित्रांची छटान्‌छटा कागदावर उतरावयास हवी होती. त्यासाठी जर्मनीतून यंत्रे आणली गेली, जर्मन कारागीर आले आणि १८९४ मध्ये मुंबईत छापखाना सुरू झाला. शकुंतलेच्या जन्माच्या प्रसंगाचे चित्र हे या छापखान्याचे पहिले चित्र मानले जाते. कारभाराच्या कामात रविवर्म्यांना त्यांचे धाकटे बंधू राजराज वर्मा यांचे मोठे साहाय्य होते.

छापखाना सुरू होऊन दोन वर्षे होतात न होतात तोच, १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची भयंकर साथ उद्भवली. माणसे घरेदारे सोडून गावोगाव पळू लागली. गिरण्या आणि कारखाने यांना कामकरी मिळेनासे झाले. अशा स्थितीत शहरात छापखाना चालवणे दुष्कर होते. अखेर १८९९ मध्ये तो मुंबईहून हलवून मावळात, मळवली स्थानकाच्या परिसरात, नेण्यात आला.

मळवली हे मुंबई-पुणे लोहमार्गावरील लोणावळ्याच्या पुढचे लहानसे स्थानक. स्थानकावर उभे राहून दक्षिणेकडे पाहिले, की लोहगड आणि विसापूर हे दोन जोडगड दिसतात आणि त्यांच्याच अंगाला भाज्याची लेणी आहेत. उत्तरेकडे इंद्रायणी ओलांडून गेले, की कार्ल्याचा डोंगर लागतो. त्याच्या कड्यात प्रसिद्ध चैत्यगृह असून त्याच्या दारातच एकवीरेचे देऊळ आहे. दोन्ही डोंगरांच्या मधल्या सखल भागात भाताची खाचरे पसरलेली असतात. बोरघाटातून १८६३ मध्ये लोहमार्ग सुरू झाल्यापासून हे खोरे मुंबईला जोडले गेले होते. कागद, शाई आणि जड यंत्रे गाडीने आणता येत आणि छापलेली चित्रे गाडीनेच मुंबईला पाठवता येत. साथीपासून दूर, मोकळी हवा असलेली, तरीही बाजारपेठेशी जोडलेली अशी ही जागा होती.

या छापखान्यात चित्रे कशी छापली जात, हे समजल्यावाचून त्यामागच्या श्रमांची कल्पना येणार नाही. आजच्यासारखी झटपट चित्रे काढणारी यंत्रे तेव्हा नव्हती. तेथे चित्र छापले जाई ते दगडावरून. या रीतीला शिळाछाप म्हणतात. जर्मनीतील बव्हेरिया प्रांतात आलोइस झेनेफेल्डर नावाचा एक नाटककार होता. आपली नाटके थोड्या खर्चात छापता यावीत म्हणून तो नाना प्रयोग करीत असे. अठराव्या शतकाच्या अखेरीस त्याने ही रीत शोधून काढली. परटाकडे द्यावयाच्या कपड्यांची यादी करण्यास कागद मिळेना, म्हणून त्याने ती जवळच्या दगडावर तेलकट शाईने लिहिली आणि त्यातूनच त्याला ही युक्ती सुचली, असे सांगतात.

या युक्तीचे मर्म अगदी साधे आहे. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, ही गोष्ट कोणत्याही स्वयंपाकघरात पाहता येते. बव्हेरियात सापडणारा एक प्रकारचा चुनखडीचा दगड तेलही धरतो आणि पाणीही धरतो. तो घासून गुळगुळीत करावयाचा आणि त्यावर तेलकट खडूने किंवा शाईने चित्र काढावयाचे. मग डिंकाचे पाणी आणि सौम्य तेजाब यांचा हात देऊन चित्र पक्के करावयाचे. दगड ओला केला, की कोऱ्या भागावर पाणी राहते. तेलकट रेषांवर ते ठरत नाही. आता त्यावरून तेलकट शाईचा रूळ फिरवला, तर ओला भाग शाई घेत नाही आणि रेषा मात्र शाई घेतात. त्यावर कागद ठेवून दाब दिला, की चित्र उमटते. कागदावर ते आरशातल्यासारखे उलटे येते. म्हणून दगडावर सारेच उलटे काढावे लागते. देवीचा उजवा हात दगडावर डावीकडे जातो आणि अक्षरेही उलटी लिहावी लागतात.

हे झाले एका रंगाचे. लक्ष्मीच्या चित्रात रंग अनेक असतात आणि प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड लागतो. म्हणून प्रथम एक जाणता कारागीर मूळ चित्रावर पारदर्शक कागद ठेवून त्यातील सर्व आकारांच्या सीमारेषा उतरून घेई. त्या रेषांचा फिकट ठसा प्रत्येक दगडावर घेतला जाई. मग पिवळा कोठे, तांबडा कोठे, निळा कोठे आणि करडा कोठे, हे ठरवून एकेका दगडावर तेवढाच भाग बारीक ठिपक्यांनी भरला जाई. झाडाचा हिरवा रंग हवा असेल, तर पिवळ्या दगडावर आणि निळ्या दगडावर एकाच ठिकाणी ठिपके द्यावे लागत. गालावरच्या एका छटेसाठी तीन-चार दगडांचा मेळ घालावा लागे. एकाच चित्राला दहाबारा आणि प्रसंगी त्याहूनही अधिक दगड लागत.

मग छपाई सुरू होई. कागद पहिल्या दगडावरून निघाला, की तो वाळेपर्यंत थांबावयाचे. नंतर दुसऱ्या दगडावर तो नेमका पहिल्याच जागी बसवावयाचा. याप्रमाणे तोच कागद सर्व दगडांवरून जाई. यात केसभराची चूक झाली, तरी ओठांचा रंग ओठांच्या बाहेर जाई आणि डोळ्यातील बुबुळ सरकून चित्र वाया जाई. शेवटी कित्येक चित्रांना रोगणाचा हात देत आणि दाब देऊन कागदावर कापडाच्या विणीसारखा पोत उठवीत. त्यामुळे ते छापील चित्र तैलचित्राप्रमाणे भासे. अशा चित्रांना ‘ओलिओग्राफ’ असे म्हणत.

तेव्हा लक्ष्मीचे हे चित्र एका माणसाचे नव्हते. मूळ कल्पना आणि रंग रविवर्म्यांचे. त्यानंतर दगड घासणारा, सीमारेषा उतरवणारा, ठिपके भरणारा, तेजाबाचे प्रमाण सांभाळणारा, शाई खलणारा, कागद जागेवर बसवणारा आणि छापलेला कागद वाळत घालणारा, या सर्वांच्या हातून ते चित्र जाई. यांतील एकाने जरी हयगय केली, तरी बाकी साऱ्यांचे श्रम फुकट जात. दगड नीट घासला गेला नाही, तर त्यावर आधीच्या चित्राची पुसट खूण राहे आणि ती नव्या चित्रात उमटे. म्हणजे ज्याचे काम सर्वांत हलके समजले जाई, त्याच्या हातीही चित्राची लाज असे.

या कामात मावळच्या निसर्गाशीही मेळ राखावा लागतो. लोणावळ्यास वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. आषाढ-श्रावणात डोंगर धुक्यात बुडून जातात आणि हवा दमट होते. दमट हवेत कागद किंचित फुगतो आणि कोरड्या हवेत तो आकसतो. काल पिवळा रंग छापलेला कागद आज तसूभर नव्हे, पण रेसभर जरी वाढला, तरी त्यावर निळा रंग ठीक बसत नाही. म्हणून शिळाछापाच्या कारागिराला हवेची नाडी ओळखावी लागते. शेतकरी आभाळाकडे पाहून पेरणीचा विचार करतो. त्याचप्रमाणे छापणाऱ्यालाही आभाळाकडे पाहूनच दिवसाचे काम ठरवणे भाग पडते.

रविवर्म्यांच्या चित्रांतही निसर्गाला मानाचे स्थान आहे. लक्ष्मी तळ्यात उभी आहे, सरस्वती खडकावर बसली असून जवळ मोर आहे, शकुंतला वनातील पाऊलवाटेवर पायातील काटा काढण्याचे निमित्त करून मागे वळून पाहत आहे. देवदेवतांना त्यांनी राजवाड्यातून बाहेर आणून पाणी, खडक आणि झाडे यांच्या सान्निध्यात बसवले. राजराज वर्मा हे स्वतः निसर्गचित्रे काढण्यात निष्णात होते आणि बंधूंच्या चित्रांतील मागची दृश्ये रंगवण्यास ते हातभार लावीत. एका भावाने माणसे रंगवावी आणि दुसऱ्याने त्यांच्यामागचे रान रंगवावे, अशी ही जोडी होती. चित्रकलेतील सहकार्याचा आरंभ येथे छापखान्यात नव्हे, तर घरातच झाला होता.

मात्र उत्तम चित्रे काढणे वेगळे आणि छापखाना चालवणे वेगळे. यंत्रे, कागद, पगार आणि विक्री यांचा व्याप मोठा होता. कर्जाचा बोजा वाढत गेला. अखेर विसाव्या शतकाच्या आरंभीच रविवर्म्यांना तो छापखाना विकावा लागला. फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाने तो विकत घेतला. राजराज वर्मा १९०५ मध्ये वारले आणि पुढच्याच वर्षी रविवर्म्यांचेही निधन झाले. तथापि त्यांच्या नावाचा छापखाना चालूच राहिला. श्लायशर यांनी रविवर्म्यांच्या चित्रांबरोबर इतर चित्रकारांची चित्रेही छापली. मुंबईच्या कलाशाळेतील प्रसिद्ध चित्रकार महादेव विश्वनाथ धुरंधर यांची चित्रेही या छापखान्यातून बाहेर पडली. दिनदर्शिका आणि मालावर चिकटवावयाच्या रंगीत चिठ्ठ्या यांचीही छपाई तेथे होऊ लागली.

याच काळात नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वरचे एक हुन्नरी गृहस्थ लोणावळ्यास आले. छायाचित्रावरून दगडावर ठसा उतरवण्याची कला त्यांनी हस्तगत केली होती. त्यांनी लोणावळ्यात स्वतःचा छापखाना काढला आणि ते रविवर्मा प्रेससाठी असे ठसे तयार करून देऊ लागले. पुढे त्यांनी तो छापखाना मुंबईत दादरला नेला आणि रंगीत छपाईची यंत्रे आणण्यासाठी १९०९ मध्ये ते जर्मनीस जाऊन आले. हेच दादासाहेब फाळके होत. १९१३ मध्ये त्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट लोकांसमोर आणला. पडद्यावर पुराणातील पात्रे हालतीचालती करणाऱ्या या पुरुषाने आधी पुराणातील स्थिर चित्रे दगडावर उतरवण्यात काही वर्षे घालवली होती, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

मळवलीहून निघालेली चित्रे दूरदूरच्या गावी पोहोचली. थोड्या पैशांत मिळत असल्यामुळे ती सामान्य माणसाला घेता आली. लोकांनी ती चौकटीत बसवली. कोणी देवीच्या चित्रावर खऱ्या कापडाची साडी डकवली, कोणी जर आणि टिकल्या लावून तिला सजवले. छापखान्यातून निघाल्यावरही चित्रावर आणखी एक हात फिरत असे, तो घरच्या माणसांचा. आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. त्या काळी अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांना देवळांत पाऊल टाकण्याची बंदी होती. नाशिकच्या काळाराम मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली १९३० मध्ये सत्याग्रह करावा लागला. छापील चित्राने हा अन्याय दूर झाला नाही. परंतु ज्याला देवळाचे दार बंद होते, त्यालाही बाजारातून चित्र आणून घरातील भिंतीवर लावता येत होते. तेथे त्याला अडवणारा कोणी नव्हता.

या चित्रांना नावे ठेवणारेही पुष्कळ निघाले. छापील प्रतींत मूळ चित्रांची खोली आणि कोमलता उतरत नाही, रंग भडक होतात, असे जाणकार म्हणत. त्यात तथ्यही होते. परंतु राजवाड्यातील मूळ चित्र जन्मात पाहण्याची आशा नसलेल्या माणसाला ती प्रतच मूळ चित्राच्या ठिकाणी होती.

१९७२ मध्ये या छापखान्याला मोठी आग लागली आणि सुमारे पाऊण शतक मावळात चाललेला हा उद्योग संपुष्टात आला. आज उरली आहेत ती घराघरांतील तसबिरी आणि संग्रहालयांतील व संग्राहकांनी जपलेल्या प्रती. रविवर्म्यांचे नाव अजरामर झाले, श्लायशर यांचे नाव अभ्यासकांना ठाऊक आहे. परंतु ज्यांनी दगड घासले, ठिपके भरले आणि कागद बसवले, त्यांची नावे त्या चित्रांवर कोठेही नाहीत.

येथे समोरच्याच डोंगरातील कार्ल्याच्या चैत्यगृहाची आठवण होते. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी ते एका अखंड कड्यात कोरले गेले. त्याच्या भिंतींवर आणि खांबांवर ब्राह्मी लिपीत लेख आहेत. वैजयंती नगरीच्या भूतपाल नावाच्या श्रेष्ठीने हे शैलगृह पूर्ण केले, असे एका लेखात म्हटले आहे. कोणता खांब कोणी दान दिला, हेही जागोजाग लिहिले आहे. दाते एका गावचे नाहीत आणि एका व्यवसायाचेही नाहीत; त्यांत यवन म्हणवले जाणारे परदेशीही आहेत. आणि याच लेखांत धेनुकाकटच्या सामी नावाच्या एका सुताराचे नाव आढळते. वेणुवासाचा पुत्र सामी याने लेण्याचे द्वार घडवले, असे तो लेख सांगतो. राजे आणि श्रेष्ठी यांच्या पंक्तीत एक सुतार आपल्या बापाच्या नावासह दोन हजार वर्षे उभा आहे.

मळवलीच्या कारागिरांना हे भाग्य लाभले नाही. तरीही त्यांच्या हाताची खूण अगदीच पुसली गेलेली नाही. जुन्या तसबिरीचा एखादा भाग भिंगाखाली धरला, तर देवीच्या गालावर लहानलहान ठिपक्यांची रांगोळी दिसते. त्यातला प्रत्येक ठिपका कोणा एका माणसाने, दगडावर वाकून, उलट्या बाजूने, हात न थरथरू देता दिलेला आहे. चित्राच्या खालच्या कडेला त्या माणसाचे नाव नाही. त्याच्या गावाचे नाव मात्र आहे. घरातील जुनी तसबीर पुसण्यासाठी खाली उतरवली जाईल, तेव्हा ती कड वाचून पाहावी आणि मगच तसबीर पुन्हा भिंतीवर टांगावी.

स्वाध्याय

१. रविवर्म्यांचा छापखाना मुंबईहून मळवलीस का नेण्यात आला? ती जागा त्या कामाला कोणत्या कारणांनी सोयीची होती?
२. शिळाछापाची रीत आपल्या शब्दांत क्रमाने लिहा.
३. ‘लक्ष्मीचे चित्र एका माणसाचे नव्हते.’ हे विधान पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
४. कार्ल्याच्या लेण्यातील लेख आणि जुन्या तसबिरीखालची अक्षरे यांत कोणता फरक आहे?
५. आपल्या घरातील किंवा शेजारच्या घरातील एखादी जुनी वस्तू निवडा. ती घडवण्यास किती लोकांचे हात लागले असतील, याचा विचार करून दहा ओळी लिहा.